शर्यत संपायच्या आधीचा सत्कार

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. घरात माझ्यामागे मला सोवळी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीस वर्षं टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या लघवीच्या, थुंकीच्या आणि ज्याचं नाव जेवताना घेऊ नये त्याच्या डब्या हाताळते. लोक म्हणतात, मग तुला कसली मेली किळस? अहो, हातात मोजे असतात. डबीला झाकण असतं, झाकणावर नाव असतं. घाण जागच्या जागी असली की मला काही होत नाही. ती मोकाट सुटली की माझं डोकं फिरतं. आणि त्या रविवारी, एरंडोलच्या पुढे आत एका तलावावर, ती चांगलीच मोकाट सुटली होती.

ट्रायथलॉनची छोटी शर्यत होती. साडेसातशे मीटर पोहायचं, पाण्यातून निघून तसंच ओल्या अंगानं वीस किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल टाकून पाच किलोमीटर पळायचं. मधे घड्याळ थांबत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी हे तुला कुणी सांगितलं होतं, असं सासूबाई अजून विचारतात. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. साखर हद्दीवर आली होती, आणि माझ्या रक्ताची नळी मीच मशीनमध्ये लावली होती, त्यामुळे रिपोर्ट चुकला म्हणायचीही सोय नव्हती. आधी चालायला लागले, मग पळायला, मग सायकल घेतली, मग तरणतलावात बायकांच्या वेळेत जायला लागले. तिथे पाण्यात औषधाचा वास यायचा. तो वास मला फार आवडायचा.

मागच्या वर्षी अशाच एका शर्यतीत उतरले आणि शंभर मीटरवर माझी पाचावर धारण बसली. पाय खाली लागेना, तळ दिसेना. होडीवाल्यानं दंडाला धरून मला पोत्यासारखं वर ओढलं. काठावर नवरा मोबाइल घेऊन उभा होता. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला मी पोहताना दाखवायची होती. पण व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला आणि माझं हसं झालं. लॅबमधल्या पोरी महिनाभर विचारत होत्या, "मॅडम, बोटिंग कसं झालं?" एका लग्नात, पंगतीत, दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनींना होडीत बसायची भारी हौस." मीही हसले. हसले, आणि आतून जळून खाक झाले.

म्हणून यंदा मला एवढंच हवं होतं. होडीला हात न लावता, दोन तासांच्या आत, आपल्या पायांनी शेवटची रेघ ओलांडायची. आणि घरी काहीतरी घेऊन जायचं, जे शोकेसमध्ये ठेवलं की ही सगळी तोंडं कायमची बंद होतील.

साडेपाचची हजेरी, साडेसहाला सुरुवात, असं कळवलं होतं. आम्ही चारला धुळे सोडलं. पोचलो तर सायकली लावायच्या जागेत गुरांचं शेण. ते सारवल्यासारखं पसरवलेलं, वर चुन्याच्या रेघा मारलेल्या. बायकांसाठी एक हिरव्या कापडाचा आडोसा, आत खड्डा, खड्ड्याशेजारी भरलेली बादली, आणि माझ्याआधी कोण जाऊन आलं होतं ते सांगत नाही. मी श्वास रोखून आत गेले आणि श्वास रोखूनच बाहेर आले. दंडावर नंबर लिहायला एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या तोंडात गुटखा भरलेला, त्यामुळे ते बोलत नव्हते, मान वर करून नुसतं "हं? हं?" करत होते. नंबर लिहून झाल्यावर त्यांनी बाजूला पिचकारी मारली आणि तिचे दोन थेंब माझ्या नव्या बुटावर उडाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला अंगठा दाखवला, म्हणजे ऑल द बेस्ट.

साडेसहा झाले, सात झाले. प्रमुख पाहुणे यायचे होते. कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणत होते. आबा निघालेत. आबा पारोळ्यापर्यंत आलेत. आबांनी चहाला गाडी थांबवलीय. पोहण्याचे तंग कपडे घालून आम्ही शंभरेक माणसं उभी, आणि बघायला जमलेल्या गड्यांचा जथा आमच्याकडे जे बघत होता ते काही पोहणं बघण्यासाठी नव्हतं. मी टॉवेल गुंडाळून उभी राहिले. पोह्यांच्या परातीवर माशा इतक्या बसल्या होत्या की कोथिंबीर कुठली आणि माशी कुठली ते कळेना. लोक हाणत होते! नवराही हाणत होता. म्हणाला, "गरम आहेत, काही होत नाही."

सव्वाआठला आबा आले. दीपप्रज्वलन झालं. नारळ फुटला. आबांनी भाषण केलं, केळी खा, व्यायाम करा, आमच्या खान्देशच्या मातीत दम आहे. खरंच दम आहे, नाहीतर सव्वाआठला ऊन चढल्यावर उपाशी पोटी ते भाषण कोण ऐकून घेतं?

चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात आम्ही तिघी होतो. त्यातली एक जळगावची डॉक्टरीण. तिनं काठावर जाऊन पाणी बघितलं, नाकाला रुमाल लावला, आणि सरळ गाडीत बसून निघून गेली. मला तिचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. पाणी हिरवं होतं. हिरव्या रंगाचं नव्हे, हिरव्याचं बनलेलं. काठाला निर्माल्याच्या पिशव्या, देवांच्या फुटलेल्या फ्रेमा, पत्रावळी आणि एक चप्पल.

तिसरी बाई माझ्या शेजारी उभी होती. चोपड्याकडची, तापीकाठच्या एका गावातली. घरी केळीचं शेत, नवरा, सासू, सगळं. अंगात कुणाचा तरी मोठा टी-शर्ट आणि खाली काळी लेगिंग. तिच्या भावानं कुठेतरी जाहिरात बघून तिचा फॉर्म भरून टाकला होता, कारण ती लहानपणी तापी आरपार पोहून जायची. पोहायचा चष्मा नाही, टोपी नाही. मी माझी जादा टोपी तिला द्यावी का, असं एकदा मनात आलं. मग तिच्या केसांना लावलेलं तेल दिसलं आणि मी पिशवीची चेन ओढून घेतली. मी अशी आहे.

"ताई, पहिल्या टाइमले उनी का तू?" तिनं विचारलं.

"दुसऱ्यांदा," मी म्हटलं. होडीचं सांगितलं नाही.

आठ चाळीसला शिट्टी वाजली. पाण्यात पहिलं पाऊल टाकलं ते घोट्याच्या वर गाळात गेलं. कोमट, मऊ गाळ, बोटांच्या फटीतून वर येणारा. शी! दुसरं पाऊल कशावर तरी पडलं, ते हललं. मी डोळे मिटून स्वतःला पुढे झोकून दिलं. लोकांचे पाय माझ्या तोंडावर बसत होते, कुणाची तरी ढेकर मला पाण्यातसुद्धा ऐकू आली. भगवा रंग दिलेली दोन पिंपं तलावात सोडली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं. पहिल्या पिंपापर्यंत मी हात मोजत गेले. शंभर मीटर झाले, दीडशे झाले. होडी लांब होती. मी मनात म्हटलं, जमतंय.

आणि पिंपाच्या वळणावर माझ्या मनगटाला काहीतरी गुंडाळलं गेलं. लांब, बुळबुळीत. हात वर काढला तर झेंडूची माळ, कुजून काळी झालेली, दोऱ्याला फुलांचा नुसता लगदा. मी किंचाळले. तोंड उघडलं आणि ते पाणी, तेच, घशात गेलं. अजूनही ती चव आठवली की जिभेच्या मुळाशी पाणी सुटतं. पायाला शेवाळ, हाताला माळ, पोटात ते पाणी. मी जागच्या जागी हातपाय झाडायला लागले. होडीवाल्यानं मला हेरलं आणि होडी वळवली. "या मॅडम, धरा! धरा हात!"

हात पुढे करणारच होते. खोटं कशाला बोलू.

"होडीले हात नको लावू!" पलीकडून आवाज आला. "हात लावा की बाद करतीन तुले."

ती होती. ती तर कधीच पुढे गेली होती. दुसऱ्या पिंपापाशी तिचं डोकं मी मघाशी पाहिलं होतं, सगळ्या बायकांच्या पुढे. ती तिथून मागे फिरून आली होती. डोकं पाण्याच्या वर ठेवून, बेडकासारखे पाय मारत, जणू काही घराच्या ओट्यावर बसून बोलतेय.

"मन्हाकडे देख. शेवाळ शे ते, साप नही. कसाले घाबरस वं?"

"हाताला... हाताला काहीतरी..." मी रडत होते.

तिनं माझा हात धरला, ती घाणेरडी माळ उघड्या बोटांनी सोडवली आणि बाजूला फेकली. तिला काहीच वाटलं नाही. "आते चाल. मी शे ना. पाय मारत ऱ्हाय."

त्यापुढचे पाचशे-सहाशे मीटर ती माझ्या अंगाला अंग लावून आली. मी थांबले की ती थांबायची. मधे केळीच्या भावाबद्दल बोलली, सासूच्या गुडघ्याबद्दल बोलली. मी नुसते हात मारत राहिले. लोक आम्हाला ओलांडून गेले. ज्या बायका तिच्या कितीतरी मागे होत्या, त्या गेल्या. काठ आला, गाळात पाय टेकले, आणि घड्याळात पाहिलं तर चोवीस मिनिटं. एकटी असती तर ती पंधरात बाहेर आली असती, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी मात्र तिच्याकडे वळूनही न बघता सायकलीकडे पळाले. आभार नंतर मानू म्हटलं. घड्याळ चालू होतं ना.

माझी सायकल एकवीस गिअरची. तिची म्हणजे भावाची काळी, मागे कॅरिअर, दुधाच्या कॅनचे हूक तसेच. पहिल्याच चढावर मी तिला मागे टाकलं.

वीस किलोमीटरच्या रस्त्याचं वर्णन करायचं तर नाकानंच करावं लागेल. केळीचे कापून टाकलेले खांब रस्त्याच्या कडेला ढिगानं कुजत होते, त्यांचा आंबूस वास. पुढे कुणीतरी प्लॅस्टिक पेटवलेलं. पुढे मेलेलं कुत्रं, फुगलेलं, आणि त्याच्या बाजूलाच पाणी वाटपाचं टेबल. वाटायला काय, तर सोललेली केळी! सोलून ताटात मांडून ठेवलेली, माशांना बरं पडावं म्हणून. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. मग एक जीप मला ओलांडून गेली, खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, आणि लाल पिचकारी सरळ माझ्या डाव्या हातावर. कोपरापासून बोटांपर्यंत. गरम होती. मी तोंडाला येईल ते बोलले. लॅबमधल्या पोरींनी ऐकलं असतं तर नोकरी सोडून गेल्या असत्या. पण थांबले नाही. तो हात अंगापासून लांब धरून, एका हातानं हँडल पकडून मी दोन किलोमीटर गेले, आणि मग पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतून टाकलं. तहान राहिली. राहू दे.

सायकल लावायच्या जागेवर परत आले तेव्हा एक तास बारा मिनिटं झाली होती. माझा मलाच विश्वास बसेना. पाच किलोमीटर पळायचं आणि हातात अठ्ठेचाळीस मिनिटं! सायकल अडकवली, हेल्मेट काढलं, पळत सुटले, आणि समोर एक कार्यकर्ता दोन्ही हात पसरून आडवा आला.

"मॅडम, मॅडम, थांबा. दोन मिनिटं. इकडे स्टेजवर या."

"काय झालं? मी बाद झाले?"

"बाद कसल्या? पहिला नंबर तुमचा. आबांना पाचोऱ्याला लग्न गाठायचंय, अकराचा मुहूर्त आहे. ते निघाले. बक्षिसं त्यांच्याच हातून द्यायची आहेत ना. चला लवकर."

"अहो, शर्यत चालू आहे अजून! मला पळायचंय."

"पळा ना, कोण नको म्हणतंय? आधी सत्कार, मग पळा."

हे असं फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. शर्यत थांबेल, सूर्य थांबेल, पण पाहुण्यांच्या हस्ते म्हणजे पाहुण्यांच्याच हस्ते. पाहुणे गेले तर बक्षीस देणार कोण, जिंकणारा थोडाच महत्त्वाचा. माझ्या आधी तरुणांच्या गटातला एक धावपटू स्टेजवर धापा टाकत उभा होता. त्याला शाल घातली, फोटो काढला, आणि तो हार गळ्यात घालूनच पळत सुटला.

"माझ्या गटातल्या दुसऱ्या बाई मागून येतायत," मी म्हटलं. म्हटलं खरं, ते नाकारायचं नाही. एकदा म्हटलं.

"मागूनच येतायत ना? मग झालं तर."

इथे मी दुसरं वाक्य बोलायला हवं होतं. पाण्यात त्या माझ्यासाठी थांबल्या, म्हणून मागे आहेत, एवढंच. लॅबमध्ये एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला तर मी पोरींना फाडून खाते. परंतु समोर टेबलावर ट्रॉफी दिसत होती. सोनेरी, हातभर उंच, खाली लाकडाचा ठोकळा, त्यावर मोठ्या अक्षरात प्रथम क्रमांक. आणि स्टेजच्या खाली नवरा, मोबाइल वर धरून, तोंडभर हसत. मागच्या वर्षी ज्या हातानं व्हिडिओ काढला त्याच हातानं. मी पायरी चढले.

शाली कमी पडल्या होत्या, म्हणून आधीच्या कुणाच्या अंगावरची काढून मला पांघरली. ती ओली होती, परक्या माणसाच्या घामानं ओली, आणि लोकरीची. एका बाईनं कपाळाला कुंकू लावलं ते घामाबरोबर नाकाच्या शेंड्यावर आलं. आबांनी एक हात माझ्या खांद्यावर टेकवला, दुसऱ्यात ट्रॉफी, आणि फोटोवाला म्हणाला, "एक मिनिट, बॅनर दिसत नाहीये." मग बॅनर दिसेपर्यंत उभं राहा. मग आबा दोन शब्द बोलले, माता-भगिनींबद्दल. दोन शब्द पाच मिनिटं चालले. माझ्या सगळ्या अंगाला किळस आली होती, शालीची, हाताची, कुंकवाची. पण ट्रॉफी मी छातीशी घट्ट धरली होती. तिची मात्र किळस नाही आली.

तेवढ्यात ती आली. ती काळी सायकल तिनं आडवी टाकली आणि मला स्टेजवर बघितलं. तिनं मोठ्यानं हसून हात वर केला. तिला वाटलं असणार, आपली ताई पाण्यातून सुखरूप निघाली म्हणून कौतुक चाललंय. आणि ती पळायला निघूनही गेली.

मी ट्रॉफी नवऱ्याच्या हातात दिली, शाल फेकली आणि तिच्यामागे सुटले. तीन मिनिटांचा फरक. वाटलं, गाठू. मी गाठलं की सगळं सरळ होईल, मग ट्रॉफी माझीच. असं मी खरंच मनाशी म्हणत होते, पळता पळता. कुठे गाठणार? केळीच्या बागेत घड डोक्यावर घेऊन वीस वर्षं ये-जा करणारी बाई ती. अडीच किलोमीटरच्या वळणावरून ती परत येताना मला समोरून भेटली, साध्या कापडी बुटात, तोंड लालबुंद. "चाल वं ताई! थोडंच शे!" म्हणाली. मी मान खाली घातली.

एक तास पंचावन्न मिनिटांत मी रेघ ओलांडली. माझ्या घड्याळात. कारण रेघेवर कुणी नव्हतंच. आबा गेले तशी माणसंही गेली. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते, पोह्यांची परात कुणीतरी तलावात धूत होतं. होडीला हात न लावता, दोन तासांच्या आत. वर्षभर जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि नवरा झाडाखाली फोनवर बोलत होता. "हो, हो, पहिला नंबर! फोटो बघ ना ग्रुपवर. दादाला दाखव." म्हणजे दिरांना. त्यानं मला खूण करून फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे सासूबाई रडत होत्या. कधी नव्हे त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेनं नाव काढलं."

मी "हो" म्हटलं.

नोंदीच्या टेबलाजवळ ती उभी होती. वहीवाला वही मिटायच्या तयारीत होता.

"मन्हा नंबर कितला उना भाऊ?"

"ताई, बक्षीस समारंभ झाला. तुमच्या गटात ह्या मॅडम पहिल्या. तुम्ही प्रमाणपत्र घेऊन जा."

"पण मी यास्ना पहिले उनी ना," ती म्हणाली. भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "आठ-नऊ मिनिट व्हयी गयात माले येईसन."

वहीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कसलंच देणंघेणं नव्हतं. मी जे म्हटलं असतं ते त्यानं लिहिलं असतं. "असं आहे का मॅडम?"

त्यानं मला अगदी सरळ विचारलं होतं. सुटायला सगळ्यात सोपी जागा ती होती, एका शब्दाची. मी म्हटलं, "माझी दहा मिनिटं सत्कारात गेली."

वाक्य खोटं नव्हतं. खोटं बोलायची गरजच पडली नाही. पाण्यात तिची किती मिनिटं गेली, आणि कुणापायी, ते मी बोलले नाही.

"बरोबर," वहीवाला म्हणाला. "मॅडमचा वेळ गेला." आणि त्यानं वही मिटली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही पाण्यातलं काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ती मान हलवून म्हणाली, "हां, खरं शे. तुन्हा टाइम गया." ती माझी समजूत काढत होती.

त्या दिवसभर मी किती गोष्टींना शी म्हटलं होतं त्याची गणती नाही. पण स्वतःच्या तोंडाची घाण येते म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मी चूळ भरली. नवऱ्यानं ट्रॉफी आणून माझ्या हातात दिली आणि गाडी काढायला गेला.

ती जायला निघाली होती, सायकल हातात धरून. चार पावलं गेली आणि परत आली. लाजत होती.

"ताई, तो कप माले जराखा धरू दे ना. घर दखाडाले फोटो काढस. सासू म्हने, म्हतारपनमा काय पोहाले जास. तिले दखाडसू."

मी ट्रॉफी तिला दिली. तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला, काच तडकलेली. दोन्ही हातांनी ट्रॉफी छातीशी धरून ती ताठ उभी राहिली. गाळानं भरलेले पाय जुळवले, केस कानामागे सारले. मग ट्रॉफी फिरवून तिनं अक्षरं पुढे आणली.

"ते लिखेल शे ते दिसाले पाहिजे हां," ती म्हणाली.

मी फोटो काढला. दोन काढले. तिनं फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा करून अक्षरं वाचली आणि खूश झाली. मग सोनेरी पत्र्यावर उमटलेले आपल्या हातांचे डाग दिसले तशी जरा वरमली. टी-शर्टचं टोक ओढून तिनं ट्रॉफी चारी बाजूंनी नीट पुसली, आणि माझ्यापुढे धरली.

मी घेतली.